मूस

फोन आप्पांनी इरोडहून पाठवला, वापरलेला,
लुंगीच्या घडीत गुंडाळून, विट्याला येणाऱ्या पाव्हण्याच्या हाती.
मोठ्या कंपनीचा. पण काच अशी फुटलेली
की बोट फिरवलं तर बोटाला रक्त.
स्टँडमागच्या दुकानात इर्शाद मुल्लाने तो कानाशी धरला,
हलवला, नारळ हलवतात तसा,
म्हणाला, डोळं गेल्यात याचं. डोकं शाबूत हाय.

मग मी त्याला दुसरे डोळे लावले.
काकूंनी काढून टाकलेला टीव्ही, उजव्या कडेला हिरवी रेघ असलेला.
कॉलेजच्या भंगारातला कीबोर्ड, ज्याचं एंटर
दोनदा दाबावं लागतं.
चारशे ऐंशीचा एक जोड, एका शेपटीला तीन तोंडं.
आणि माऊस.

आईने आप्पांना सांगितलं, पोरीनं माऊस आणलाय.
आप्पांना ऐकू आलं, मूस.
"मूस? घरात भट्टी लावतीस काय गं?"
खूप हसलो आम्ही.
रात्री झोपताना वाटलं, चुकलं काय त्यांचं?
मूठभर भांडं. त्यात टाकायचं
जुनं, मोडकं, डाग दिलेलं, कुणाकुणाचं,
आणि वाट बघायची.

लॅब पाचला बंद होते.
साडेनऊला आईची मालिका संपली की टीव्ही माझा.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळतात,
हे आण, ते उघड, याला त्यात बसव,
आणि फोनच्या पोटात दुसरंच यंत्र उभं राहतं
ज्याला ठाऊक नाही की ते फोनमध्ये आहे.
त्याला वाटतं आपण टेबलाखालचा मोठा डबा आहोत,
पंखा असलेला.
पंखा नाही बाळा. तुझ्याखाली माठाचं झाकण आहे,
वीस-वीस मिनिटांनी मी ते पाण्यात बुडवून, पुसून परत ठेवते.

खिडक्या उघडतात, एकीवर दुसरी, हव्या तिकडं सरकणाऱ्या.
आमच्या खोलीला एकच, तीही शेजाऱ्यांच्या भिंतीकडं.

आप्पांच्या वहीचा तक्ता करते आहे.
आलं, गेलं, घट.
बारा वर्षांच्या वह्या, पानांना तेजाबाचा वास.
मिलीमिलीची घट, धुरात गेलेली,
राखेत गेलेली, त्यांच्या पगारातून गेलेली.
सूत्र लिहिलं की खाली बेरीज झरते.
ओळ एकशे एकेचाळीस.

तेव्हाच फोन वाजला.
विसरलेच होते मी, की हा फोन आहे.

माऊसनेच उचलला. सगळ्या खिडक्यांवर आप्पा,
बत्तीस इंचांचे,
भट्टीचा उजेड एका गालावर.
आईच्या फोनवर चार वर्षं बघितलेले तळहाताएवढे आप्पा,
आणि हे.
उजवी भुवई निम्मी नाही.
बोटांची टोकं पिवळी.
गळ्यापाशी नाण्याएवढा डाग, पांढरा, जुना. कधीचा?

"आगं, हायस कुठं? मला नुसता पत्रा दिसतोय."

फोन झाकणावर उताणा. उचलला तर वायर निसटते,
वायर निसटली तर आप्पा गेले.
"हितंच हाय आप्पा. बोला."
"पत्र्याला भोक पडलंय बघ, कोपऱ्यात. डांबर लाव."
"लावते."
"जेवलीस?"
मी मान हलवली. ती त्यांना कशी दिसणार,
म्हणून मोठ्याने हो म्हणाले.
भुवईचं विचारलं नाही.

त्यांनी ठेवल्यावर आतलं यंत्र परत आलंच नाही.
मेमरी पुरली नसणार.
शेवटच्या नऊ ओळी सेव्ह केल्या नव्हत्या. घट.
पुन्हा काळा पडदा, पुन्हा पांढऱ्या ओळी,
एंटर, एंटर.
झाकण चटका बसेल इतकं तापलं होतं.
फोन बाजूला सरकवून मी ते उचललं,
आणि पाण्यात बुडवायच्या आधी
जरा वेळ तसंच हातात धरलं.